हिरूच्या डोक्यावरची शपथ

सखाने बापाचे पिंड ठेवले, हात जोडले आणि मागे सरकायला पाय उचलला, तोच कावळा खाली उतरला. सखाचा पाय जमिनीला टेकायच्या आत पिंडाला चोच लागलीसुद्धा.

नदीकाठी जमलेल्या माणसांचा जीव भांड्यात पडला. चांगोच्या दहाव्याला अख्खा गाव लोटला होता, वर कर्जतच्या बाजारातले व्यापारी आले होते, नेरळहून दोघेतिघे आले होते. प्रत्येकजण मनाची तयारी करून आला होता, की कावळा अडला तर आपण काय कबूल करायचं. चांगोचा धाकटा भाऊ बांधाचा वाद सोडून देणार होता. सखा घरावर कौलं चढवायचं वचन देणार होता. कुणालाच तोंड उघडावं लागलं नाही. भटजींना अशा वेळी उन्हं डोक्यावर येईपर्यंत ताटकळत बसायची सवय; तेसुद्धा खूश होऊन पंचा झटकत उठले.

"काय बी मागं ठेवलं नाय गड्यानं," कुणीतरी म्हणालं. "मोकळा झाला चांगो."

सगळे सुटल्यासारखे बोलू लागले, विड्या निघाल्या. बायकांच्या घोळक्यात बसलेली गौराबाई मात्र कपाळाला आठ्या घालून त्या कावळ्याकडे बघत राहिली. नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवला म्हणून कुठल्या बाईला राग आला असेल, असं तुम्ही ऐकलं नसेल. गौराबाईला आला. ह्या कावळ्याचं काहीतरी चुकतंय, असं तिला वाटलं. सगळ्या गावाला ठाऊक नसेल, पण तिला पक्कं ठाऊक होतं, की चांगोची एक इच्छा राहिली होती. बावीस वर्षं राहिली होती. आणि ती अडवून धरणारी ती स्वतः होती.

ही इच्छा कसली, ते कळायला आधी चांगो कळायला हवा.

कर्जतच्या खाली, उल्हास नदीच्या वळणावर त्याचं घर. चार पट्ट्या भातशेती, दोन बैल, एक म्हैस. माणूस अंगाने किरकोळ, पण पाण्यात पडला की त्याला कुठून बळ यायचं देव जाणे. आषाढात नदी तांबडी होऊन फुगली, की घाटाखालच्या रानातून लाकडं वाहून यायची. उन्मळलेली झाडं, तोडून ठेवलेले ओंडके, कधी कुणाचं आख्खं कुंपण. वळणावर गावातले गडी छातीखाली सुका भोपळा बांधून उभे राहायचे. ओंडका दिसला की वरच्या अंगाला पळत जाऊन उडी टाकायची, त्याच्यावर तंगडी टाकायची आणि धारेला तिरकं धरून हळूहळू काठाला आणायचा. ज्याची तंगडी आधी पडेल त्याचं लाकूड. यात भांडण नाही. मात्र ज्याला माणसाची करवत, वाकस लागलीय, असं काही हाताला आलं, नांगर, गाडीचं जू, दार, तर ते ठेवून घ्यायचं नाही. ज्याचं त्याला पोचतं करायचं.

चांगोचं घर असं नदीने बांधून दिलेलं होतं. आढं सागाचं, खांब जांभळाचे, वासे कसकसले ते त्यालाही सांगता येत नसे. लग्न होऊन आलेल्या गौराबाईला त्याने पहिल्या दिवशी घर दाखवलं ते असं: "ह्यो खांब धरताना पाय मुरगाळला. ह्या वाशानं दोन दात पाडलं." त्या बिचारीला वाटलं, आपल्याला घरात आणलंय की तालमीत.

पण हा माणूस एकट्याने काही करणारा नव्हता, हीच खरी अडचण होती. मजा असली तर ती घरादाराला वाटून द्यायची, असा त्याचा स्वभाव. कर्जतला घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात, तिथल्या एकाशी ओळख काढून त्याने पाच वर्षांच्या लेकीला, हिरूला, खंडाळ्यापर्यंत फिरवून आणलं आणि घरी येऊन बाजारात गेलो होतो म्हणून सांगितलं. रात्रीच्या जेवणाला हिरूने आईला बोगदे मोजून दाखवले, तेव्हा बिंग फुटलं.

सखाच्या वेळी गौराबाईला कळा सुरू झाल्या आणि सुईण मोतीबाई नदीपलीकडे. पाणी असं, की बघूनच माणसाने मागे फिरावं. चांगोने गावकीच्या भांड्यांतली लग्नाच्या भाताची मोठी काहील उचलली, ढकलत ढकलत पलीकडे नेली, तिच्यात मोतीबाईला बसवलं आणि पोहत पोहत ढकलत अलीकडे आणली. मोतीबाई सबंध नदीभर त्याला शिव्या घालत होती. बाळंतपण सुखरूप झालं आणि त्या दिवसापासून मोतीबाईला आयुष्यभराची गोष्ट मिळाली. दर वेळी त्या गोष्टीत नदी थोडी रुंद व्हायची.

एका वर्षी तर दाराची आख्खी चौकट वाहत आली. हळदीकुंकू लावलेली, आंब्याचं तोरण तसंच. नवं घर होतं कुणाचं तरी. चांगोने ठाकूरवाडीतल्या जैतूला बोलावलं आणि दोघं ती चौकट खांद्यावर घेऊन नदीच्या वरच्या अंगाला निघाले. प्रत्येक गावात शिरून हाळी द्यायची, "कुनाचं दार गेलं का हो, दार?" घाटाच्या पायथ्याला धनी सापडला. तो माणूस चौकटीला मिठी मारून रडला. मग ह्यांचा पाय कसला निघतोय! चौकट बसवून देऊनच परत आले, बगलेत एक कोंबडी घेऊन. इकडे स्वतःच्या घराचं छप्पर अर्धं उघडं आणि लावणी खोळंबलेली. गौराबाई भांडभांड भांडली. मग कोंबडी शिजवली, जैतूलाही थांबवून घेतलं, आणि धनी कसा रडला ते परत एकदा सांगा म्हणाली. असा तो संसार होता.

हिरू सहा वर्षांची होती त्या वर्षी मोठा पूर आला आणि पुरातून एक ऐनाचा ओंडका आला. चांगोने तंगडी टाकली आणि ओंडका उलटला. माणूस खाली, लाकूड वर. मग दोन्ही दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने त्याच्या छातीचा भोपळा तेवढा वर आला.

गडी काठाकाठाने धावले. जैतूने दोनदा उडी घेतली. दुपारपर्यंत काही हाती लागेना, तेव्हा म्हाताऱ्या माना हलवू लागल्या आणि घरात रडारड सुरू झाली. एका चुलत सासूने रीत म्हणून गौराबाईची मनगटं धरली आणि उंबऱ्यावर आपटली. हिरवा चुडा फुटून ओटीभर पसरला. गौराबाई रडलीसुद्धा नाही. ती काचा गोळा करत बसली, लेकराच्या पायात जातील म्हणून.

दिवेलागणीला चांगो आला. कुणाचं तरी किलतानाचं पोतं कमरेला गुंडाळलेलं, लंगडत लंगडत, रुळांच्या कडेने चालत. आणि अंगणातूनच ओरडला, "गाडी जुंपा रं कुनीतरी! नेरळच्या अंगाला वंडका बांधून आलोय, दुसरा कुनी न्येल तो!"

मग त्याला बायकोची मनगटं दिसली.

गौराबाईने हिरूला उचलून पुढे उभं केलं. त्याचा ओला, सोललेला हात धरून पोरीच्या डोक्यावर ठेवला. "हिची शपत हाय तुमाला. पुन्यांदा पुराच्या पान्यात उतरायचं नाय."

"नाय उतरनार," चांगो म्हणाला.

ओंडका दुसऱ्याच कुणीतरी नेला. गौराबाईने कासारणीकडून नवा चुडा भरला. चुलत सासूशी मात्र ती पुढं कधी धड बोलली नाही.

चांगोने शपथ पाळली. पूर आला की तो वळणावर जाऊन उभा राहायचा, दोन्ही हात पाठीमागे बांधून. पोरं म्हणायची, "चांगोदादा, एकदा तरी." तो म्हणायचा, "शपत हाय." मग काठावरूनच ओरडायचा, तिरकं धर, पाय मोकळा ठेव, सोड, सोड त्याला! ओरडून ओरडून घसा बसायचा. घरी येऊन गरम पाणी प्यायचा आणि गप्प बसायचा. कुरकुर एकदाही केली नाही. गौराबाईला वाटायचं, कुरकुर केली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

शपथ घालणं सोपं असतं, सोडवणंही सोपं असतं. ज्याने घातली त्याने "सुटली" म्हणायचं, झालं. पोरंसुद्धा खेळताना शपथा घालतात आणि चिंच दिली की सोडतात. गौराबाईच्या ओठांवर दर पावसाळ्यात तो एवढासा शब्द यायचा. नवऱ्याचे पाठीमागे बांधलेले हात बघितले की यायचा. मग उंबऱ्यावर आपटलेली मनगटं आठवायची आणि ती तो गिळून टाकायची.

हिरू सतरा वर्षांची झाली आणि खालापूरकडे, लोधिवलीच्या गजाला दिली. त्यानंतर चांगो हळूहळू खुलला. गौराबाईने मनाशी म्हटलं, वय झालं, निवळला. तो दर श्रावणात चार दिवस लेकीकडे जाऊन यायचा. टोपलीत भाकऱ्या, चिंबोऱ्या आणि भोपळे घेऊन हौसेने जायचा, सर्दी घेऊन, कोपरं खरचटून परत यायचा. "एसटीतनं उतरताना पडलो." गौराबाई काढा द्यायची, धांदरट म्हणायची. लेकीवर किती जीव आहे म्हणून मनातून सुखावायचीही.

पंच्याऐंशी सालच्या फाल्गुनात, दुपारी जेवून ओटीवर बसला असताना पान लावता लावता तो कलंडला. आजारपण नाही, काही नाही. गौराबाईच्या बांगड्या दुसऱ्यांदा फुटल्या. ह्या वेळी दिवेलागणीला अंगणातून कुणी ओरडलं नाही.

आणि आता हा कावळा, हाक मारल्यासारखा लगेच आलेला.

घरी परत आल्यावर सगळ्यांनी चहा घेतला. गौराबाईने कपाला हात लावला नाही. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. ज्या माणसाला बावीस वर्षं नदीत पाय घालू दिला नाही, त्याचा जीव नदीत अडकला नाही? मग याचा अर्थ एकच. तो विसरला. काठावर उभं राहून राहून त्याची हौसच मेली. नवरा वाचवायला गेले आणि त्याच्यातला चांगो मीच विझवला. असा विचार एकदा डोक्यात शिरला, की घास तोंडात फिरतो. तिने ताट सरकवलं. संध्याकाळी सरकवलं, दुसऱ्या दिवशी सकाळीही सरकवलं. लोक म्हणाले, दुःख आहे. दुःख होतंच, पण ते गिळता येण्याजोगं होतं. हे दुसरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी तेराव्याच्या जेवणाचे तांदूळ निवडत पडवीत बसल्या होत्या. सखा बाजारात गेला होता.

"हिरे," गौराबाई सुपातून डोकं न काढता म्हणाली, "तुझा बा तुझ्याकडं यायचा, तवा कदी नदीचं बोलायचा का गं?"

हिरूचा हात तांदळात थांबला.

"का गं आये?"

"बोलायचा का नाय, येवडंच सांग. मी त्याला शपत घातली, ती कदी सोडली नाय. त्याचा जीव अडकायला पायजे व्हता. मी कालपास्नं कावळ्याला शिव्या घालतेय. इसरला का गं तो? माज्यामुळं इसरला?"

हिरूने आईचे भरलेले डोळे बघितले. अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "आये, मारशील तू मला."

"मारीन. सांग."

"इसरला नाय तो. दर सालाला उतरायचा."

"कुठं?"

"आमच्याकडं. पाताळगंगेत."

गौराबाईच्या हातातलं सूप कलंडलं. निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एक झाले.

मग हिरूने सगळं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात चांगो तिच्याकडे आला होता. पाताळगंगेला पूर आला, गजा आणि गावातले गडी लाकडं धरायला निघाले, चांगोही मागोमाग गेला. हिरू भाकरी घेऊन गेली तर बाप काठावर उभा, हात पाठीमागे, मास्तरने शिक्षा केलेल्या पोरासारखा. समोरून एक चांगला सागाचा ओंडका निघाला होता आणि तिथल्या गड्यांना तो दिसलासुद्धा नव्हता.

"मला बगवंना आये. मी म्हनलं, बा, डोकं कुनाचं हाय? माजं ना? ज्याचं डोकं त्याला बी सोडता येती. सुटली, जा. तर माज्या तोंडाकडं बगत ऱ्हायला. 'खरंच सुटली?' म्हनला. मी म्हनलं, सुटली रं बाबा, वंडका चाललाय. तवा धोतर फेकलं नि गेला."

"आनि तू बगत ऱ्हायलीस?" गौराबाईचा आवाज चढला. "वाहून गेला असता म्हंजे?"

"तवा माजा बी जीव गेला व्हता. म्हनून फुडल्या सालापास्नं दावं बांधायचो आमी. बैलाचं. एक टोक त्याच्या कंबरंला, दुसरं बाभळीला, नि मधी गजा धरून. लय चिडायचा. म्हनायचा, मी काय गोऱ्हा हाय का? मी म्हनायची, दावं नाय तं शपत हाय. मग गप बांधून घ्यायचा."

गौराबाईने तोंडाला पदर लावला. हिरूला वाटलं, रडतेय.

"वर आला की अंग पुसायच्या आदी डोकं फुडं करायला लावायचा मला," हिरू घाईघाईने म्हणाली. "हात ठेवून म्हनायचा, आता परत शपत. घरी गेल्यावर तुजी आय विचारंल, शपत हाय ना? तर हाय म्हनता आलं पायजे. खोटं बोलायला नको तिच्याशी."

"मला का नाय सांगितलं?"

"मी म्हनायची सांग म्हनून. तर म्हनायचा, नको. ती घाबरली की जेवत नाय."

पदराआडून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता. गौराबाई हसत होती. आधी दाबून हसली, मग दाबता येईना. सुतकाच्या घरात, हात उघडे, कपाळ उघडं, आणि बाई पोट धरून हसतेय. शेजारची जना ओटीवर डोकावून गेली आणि हिला बहुतेक लागिरं झालं, असं सांगत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, मग नुसतंच पाणी येत राहिलं. मध्येच तिने हिरूच्या पाठीत एक धपाटा घातला, जोरातच, आणि लगेच तिला जवळ ओढली.

"धांदरट म्हनत व्हते मी त्याला," ती म्हणाली. "काढा पाजत व्हते. एसटीतनं पडला म्हनं! मेला गुलामाचा." सबंध संसारात नवऱ्याला तिने असं पहिल्यांदाच म्हटलं असेल.

छातीवरची धोंड कुणीतरी उचलून नेल्यागत झालं तिला. तो विसरला नव्हता. विझला नव्हता. दर श्रावणात चार दिवस तो अख्खा चांगो होता, आणि उरलेलं वर्षभर तिच्यासाठी हात पाठीमागे बांधून उभा राहणारा होता. दोन्ही खुशीने. कावळ्याचं काही चुकलं नव्हतं.

"गेल्या साली उतरला व्हता?" तिने डोळे पुसत विचारलं.

"व्हता की."

"केवडा व्हता वंडका? नीट सांग. पयल्यापास्नं सांग."

हिरूने पहिल्यापासून सांगितलं. गौराबाईने मध्ये मध्ये अडवून प्रश्न विचारले. पाणी किती होतं, लाकूड कुठलं, तंगडी कुठली टाकली, उजवी की डावी. सांगून झाल्यावर ती उठली, चुलीपाशी गेली आणि सकाळचा भात कालवणाशी कालवून उभ्याउभ्याच खाल्ला. मग आणखी वाढून घेतला.

तेराव्याला माणसं जेवून उठली आणि पानसुपारीला ओटीवर बसली. जैतू खांबाला टेकून बसला होता. चांगोच्या गोष्टी निघणार हे ठरलेलंच, आणि त्या मोतीबाई सांगणार हेही ठरलेलं. मोतीबाई आता सत्तरीला आलेली, दात गेलेले, पण तोंड शाबूत. तिने पाय पसरले, घसा खाकरला आणि सुरुवात केली, "आमचा चांगो म्हंजे..."

"थांब गं मोतीबाय," दारातून आवाज आला. "ती सगळ्यांनी आयकलीय. मी सांगते."

सगळ्यांनी माना वळवल्या. गौराबाईने नवऱ्याची एकही गोष्ट आजवर चारचौघांत सांगितली नव्हती. त्या गोष्टी निघाल्या की ती उठून आत जायची. आज ती बाहेर आली, उंबऱ्यावर बसली आणि सांगू लागली. पाताळगंगेचा पूर, दोन्ही काठ दिसेनासे. मधोमध सागाचा ओंडका, आठ बैलांना हलणार नाही असा. कमरेला दावं. ते दावं त्याने मध्यावर कसं सोडलं, गजा कसा उताणा पडला, आणि हा बाबा ओंडक्यावर घोड्यावर बसावं तसा बसून लोधिवलीच्या पार खाली कसा काठाला लागला, तेही विडी मागत. हिरू खाली मान घालून ऐकत होती. तिने सांगितलेला ओंडका दोन बैलांचा होता, आणि दावं कुणी सोडलं नव्हतं.

जैतू डोळे मिटून ऐकत होता आणि हसत होता. मोतीबाईला मात्र हे सहन होईना. चांगोच्या गोष्टी तिच्या हक्काच्या.

"येवडं सगळं सांगतेस," ती म्हणाली, "तू व्हतीस का गं थितं?"

गौराबाईने तिच्याकडे शांतपणे बघितलं.

"मी नव्हते," ती म्हणाली, "म्हनून तर उतरले ते."